हसीबचा माग

नूतनचा भुतांवर विश्वास नव्हता आणि माणसांवर बेताचाच. तिचा सगळा भरवसा मीटरवर. सरकारनं वीज वाचवण्याचं धोरण कागदावर आखायचं आणि तिच्या राष्ट्रीय संघटनेच्या माणसांनी ते गल्लीबोळातल्या कारखान्यांत मुरवायचं, असा तो धंदा. धुळे-जळगाव भाग सांभाळणारी इंजिनिअर ती. मूळची दोंडाईच्याची, त्यामुळे खानदेशी गिरणीवाल्यांच्या थापा तिला तोंडपाठ. "आमच्याकडे एक युनिट वाया जात नाही, मॅडम," असं कुणी म्हटलं, की ती गालात हसायची आणि बॅगेतून मीटर काढायची.

धुळ्यातल्या इसाकभाईंच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये मात्र हसायला जागाच सापडेना. माणूस सरळ. त्यांनी जुन्या मोटारी दाखवल्या, ढिले पट्टे दाखवले आणि म्हणाले, "जे बदलायचं ते सांगा, बेटी. करून टाकू." डोळे मात्र कित्येक रात्री जागल्यासारखे लाल. चहा आणायला ते ऑफिसात गेले आणि नूतन एकेका मोटारीच्या वायरीला चिमट्यासारखा मीटर अडकवत पुढं सरकू लागली. खटखटाट इतका, की मनातला विचारसुद्धा ओरडून करावा लागावा.

भिंतीकडच्या शेवटच्या मागापाशी ती थबकली. माग चालू होता, पण त्यावर सूत नव्हतं. ना उभा धागा, ना आडवा. आडवा धागा नेणारा धोटा रिकामाच या टोकाकडून त्या टोकाला पळत होता. समोर माणूसही नव्हता. एक स्टूल होतं, लख्ख पुसलेलं.

माग दुरुस्त करणारा मिस्तरी सुपडू जवळच होता. तिनं खुणेनं विचारलं, तसा तो कानाशी येऊन म्हणाला, "त्याले हात लावू नका, ताई. तो कोणी बंद करत नही."

"का?"

"नही म्हंजे नही." आणि तेलाची बुधली घेऊन तो चालता झाला.

रिकाम्या चालणाऱ्या यंत्राची नूतनला भारी चीड. तिनं मीटर लावला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. आकडा जाडं कापड विणणाऱ्या मागाइतका होता. मोटार कुठंतरी घासत असणार, दुसरं काय! तिनं लाकडावर तळवा ठेवला. ताणलेलं सूत असलं की येते तशी बारीक थरथर हाताला लागली. तिथं तर सूतच नव्हतं. तिला ते आवडलं नाही. कारण शोधायचं तर यंत्र क्षणभर थांबवायला हवं, एवढंच तिला ठाऊक. तिनं बटण खाली केलं.

एवढ्या गोंगाटात एका मागाचा आवाज गेला तर कुणाला कळणार, असं तिला वाटलं. इथंच बाई फसली. आईला आपल्या पोराचा खोकला ओळखू येतो, तसा विणकराला शेडमधला प्रत्येक माग. शेजारच्या माणसानं मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि स्वतःचा माग बंद केला. मग पुढच्यानं. मग सगळ्या शेडनं. भिंतीपलीकडची शेड थांबली, मग तिच्या पलीकडची, मग समोरची गल्ली. भर दुपारी मोहल्ला मुका झाला. वीज गेली म्हणावं, तर डोक्यावरचा दिवा जळत होता.

"हाई काय करं, ताई?" सुपडू बुधली टाकून धावत आला.

मग त्यानं हळू आवाजात सांगितलं. इथं विणकर गेला, की घरातलं कुणीतरी आपल्या हातानं त्याचा माग बंद करतं. ते ऐकून बाकीचे थांबतात. बातमी अशीच कळते, तोंडानं सांगावी लागत नाही. इसाकभाईंचा मुलगा हसीब दोन वर्षांपूर्वी पांझरा नदीच्या पुरात गेला. मोटारसायकल सापडली, तो सापडला नाही. त्याची आई हसीनाबी म्हणाली, माग चालू आहे तोवर माझा मुलगा आहे. घरात गेलेल्यासाठीचा फातिहा झाला नाही, कुणी मोकळं रडलं नाही. इसाकभाई तेव्हापासून नीट झोपलेले नाहीत.

नूतननं बटणाकडे हात नेला, पण सुपडूनं मान हलवली. एकदा हातानं थांबवला तो थांबला, मग हात कुणाचाही असो.

इसाकभाई ऑफिसच्या दारात उभे होते, दोन्ही हातांत चहाचे कप. माडीवरून हसीनाबी गुडघे धरत, एकेक पायरी उतरत होती. कुणाकडे बघवेना म्हणून नूतननं खाली बघितलं. मीटर अजून वायरीला होता. बटण बंद, धोटा निश्चल, आणि आकडा तोच.

तिनं मीटर काढून शेजारच्या बंद मागाच्या वायरीला लावला. शून्य. परत इथं लावला. तोच आकडा, किंचित वरखाली होणारा, धोट्याच्या तालात.

हसीनाबी येऊन स्टुलापाशी उभी राहिली. "बेटी, तुझं यंत्र काय सांगतंय? आहे का काही?"

नूतननं इसाकभाईंकडे पाहिलं. ते श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत होते. उभ्या आयुष्यात तिनं खोटा आकडा सांगितला नव्हता. तिनं मीटरचं तोंड आपल्या बाजूला वळवलं.

"शून्य आहे, चाची. काही नाही."

इसाकभाईंनी कप जमिनीवर ठेवले, तिथंच बसकण मारली आणि ते लहान मुलासारखे रडले. कुणीतरी मौलानांना बोलवायला धावलं. गल्लीतून डोक्यावर टोप्या घालत माणसं आत येऊ लागली. नूतननं मीटर वायरीवरून काढला, बॅगेत कोंबला आणि भिंतीच्या कडेनं दाराकडे निघाली.

दारात मागून येऊन हसीनाबीनं तिचं मनगट धरलं.

"खोटं बोललीस," ती हळूच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मला अजून ऐकू येतंय. त्याचा माग मी ओळखते."

नूतननं बॅगेतल्या मीटरवर हात ठेवला.

"असू दे. त्याच्या बापाला आज झोप लागेल." हसीनाबीनं मनगट सोडलं आणि वळून शेडकडे पाहिलं. मातमाला आलेला कुणी म्हातारा भिंतीकडच्या त्या रिकाम्या स्टुलावर टेकत होता.

"तिथं नको, आबा," हसीनाबी म्हणाली. "दुसरीकडं बसा."