कंपनीच्या भिंतीपाशी दहीभात

गोमाजी पोलादपूरच्या एसटीनं महाडला आला, कंपनीच्या भिंतीबाहेर पत्रावळीवर दहीभात ठेवला आणि हात जोडून वर बघत उभा राहिला. लागोपाठ चौथा दिवस. त्या दिवशी त्याला गेटच्या केबिनमध्ये बोलावलं.

कंपनीची सुरक्षा अनुपमा मॅडमकडे होती. "बाबा, रोज इथे काय करता?"

"कावळ्याची वाट बघतो."

"पोलादपूरकडे कावळे नाहीत?"

"हायत की. बायकोच्या दहाव्याला एकबी पिंडाला शिवला नाय. भटजींनी दर्भाचा कावळा करून उरकलं. पोरगा मुंबईला गेला. माझं काय उरकलं नाय."

"मग इथेच का?"

"तुमच्या कँटीनमागं लय हायत. एखादा तरी ऐकंल."

मॅडमनी विचार केला. रस्ता सरकारी, भात घरचा, हात जोडायला बंदी नाही. "गुन्हा काही नाही," त्या म्हणाल्या. "पण विचित्र आहे. विचारावं लागतं."

"इचारा की. घरी कोण इचारतंय?"

गेटवरचा शिपाई सुनील जवळच्या वरंध गावचा. त्याला राहवेना. "काका, काकीला कबूल काय केलंत? इच्छा राहिली तर कावळा शिवत नाय."

"सगळं केलं. म्हस विकणार नाय, पोरावर रागावणार नाय, येळेवर जेवीन."

"आन् जेवता?"

गोमाजीचा सदरा अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता.

"खोटं ऐकून कावळा येतो व्हय? तो काय आमचा मॅनेजर हाय?"

"सुनील," मॅडम म्हणाल्या.

गोमाजी उठून भिंतीपाशी गेला. ती दोघंही मागोमाग गेली. वर बघत तो बायकोला म्हणाला, "प्रयाग, जेवत नाय मी. चुलीपुढं बसवत नाय. पण आजपासनं जेवीन."

कावळे तारेवरच बसून राहिले. तिघं त्यांच्याकडे टक लावून बघत होते.

"आपण असे बघत राहिलो तर तो कसा येईल?" मॅडम म्हणाल्या. "पाठ फिरवा."

तिघांनी पाठ फिरवली. जरा वेळानं मागे पंख वाजले, पत्रावळ खरखरली. वळून बघितलं तर एक कावळा भातात पाय रोवून खात होता.

गोमाजीनं डोळे पुसले, टोपी नीट केली. "येतो."

"थांबा. सुनील, कँटीनमधून ताट आण."

"भूक नाय, बाई."

"आत्ता माझ्यासमोर कबूल केलंत."

केबिनबाहेर स्टूल मांडलं. गोमाजी खाली मान घालून जेवला. दुसरी चपाती नको म्हणाला, तेव्हा मॅडमनी पुन्हा चौकशी सुरू केली.

"का नको?"