तिच्या तोंडी त्याचे शब्द

शिवणाच्या कारखान्यात कापड बेतायचं काम तिच्याकडे होतं. हात इतका साफ, की मालकीणबाई गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायच्या, "ही डोळे मिटून कापेल, तरी सूतभर इकडचं तिकडे व्हायचं नाही." पण वर्षभरात काय झालं कुणास ठाऊक, साधी बाही बेततानाही ती तीनतीनदा विचारू लागली, "बरोबर आहे ना? कापू ना?"

"अगं, मला कापता आलं असतं तर तुला कशाला ठेवलं असतं?" बाई म्हणायच्या. सगळ्याजणी हसायच्या. तीही हसायची, पण जरा उशिराच.

एके दिवशी तिच्या हातून गळा दोन बोटं जास्त कापला गेला. बाई तिच्या टेबलापाशी आल्या आणि खुंटीवरची टेप काढायला त्यांनी हात वर केला. ती अंग चोरून भिंतीला टेकली.

"चुकलं, माझंच चुकलं. मला अक्कलच नाही. मी आहेच डोक्यात जाणारी. माझ्यासारखीला कोण सांभाळून घेणार?"

मशिनी थांबल्या.

"मी टेप घ्यायला आले होते गं," बाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "तुझा तो मित्र मारतो का तुला?"

"छे हो! कधीच नाही." ते खरंच होतं. दोन वर्षांत त्याने तिला बोटही लावलं नव्हतं. "बोलतो फक्त."

"काय बोलतो?"

तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आत्ता ती जे बोलली, तेच. शब्दन् शब्द. भांडण मिटवताना तो तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणायचा, "तुझ्यासारखीला माझ्याशिवाय कोण सांभाळून घेणार?" आणि तिला ते प्रेम वाटायचं.

चिंध्यांच्या ढिगावर बसून ती हमसून हमसून रडली. तेवढ्यात फोन वाजला. 'कुठे आहेस? फोटो पाठव.' अंगठा सवयीने कॅमेऱ्याकडे गेला.

"घरचं कोण आहे तुझं?" बाईंनी विचारलं.

"ताई होती."

"होती म्हणजे?"

ताई होतीच, शहराच्या दुसऱ्या टोकाला. पण 'तुझी ताई आपल्यात काड्या घालते' असं तो म्हणाला, तेव्हापासून तिने ताईचे फोन घेतले नव्हते. ताईच्या बाळंतपणालाही ती गेली नव्हती.

'मी आता भेटणार नाही,' एवढं त्याला लिहून तिने फोन बंद केला. सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं, पण तसं झालं नाही. ताईकडे जाणाऱ्या बसमध्ये तिला त्याचीच आठवण येत राहिली. तिच्या तापात तो दोन दिवस उशाशी बसून होता, तेही काही खोटं नव्हतं.

ताईने दार उघडलं. कडेवर आठ महिन्यांची मुलगी. हिने हात पुढे केले, तशी पोरीने भोकाड पसरलं.

"तुला कधी पाहिलंच नाही ना तिने," ताई म्हणाली. एक टोमणा नाही, काही नाही. टोमणा परवडला असता.

"बस. चहा घेशील की कॉफी?"

तिने ताईकडे पाहिलं. मग म्हणाली, "तूच सांग ना."

"मी काय सांगू? तुला काय हवंय?"

तिने खूप आठवून पाहिलं. "ताई, मला काय आवडतं तेच आठवत नाहीये गं."

ताईने पोरीला खाली ठेवलं आणि तिला जवळ ओढलं. मग तिने चहाही केला आणि कॉफीही. दोन्ही कप तिच्यासमोर निवून गेले.