उजव्या इंजिनाचा फिल्टर

फिल्टर दोन होते आणि रबरी रिंग एकच.

मिस्त्रींनी दुसरा फिल्टर पुन्हा उचलून उजेडात धरला. शेडमागच्या जाळीवर जुने फिल्टर पालथे घालायचे आणि तेल निथळलं की भंगाराच्या पिंपात टाकायचे, ही त्यांची तीस वर्षांची रीत. आज सकाळी लाँचच्या दोन्ही इंजिनांचं तेल बदललं, त्याचे हे दोन. ओळख राहावी म्हणून त्यांनी खडूने एकावर ‘डा’ आणि एकावर ‘उ’ लिहिलं होतं. ‘डा’च्या तोंडावर काळी रिंग आपल्या खाचेत नीट बसलेली होती. ‘उ’ची खाच रिकामी होती.

त्यांनी जाळीखालचं घमेलं काडीने ढवळलं. चिंध्या एकेक झटकून पाहिल्या. बुटांचे तळवे पाहिले. शेवटी, कुणी बघत नाही ना याची खात्री करून स्वतःचे खिसे उलटे केले. रिंग कुठेच नव्हती. म्हणजे ती अजून उजव्या इंजिनालाच चिकटलेली होती आणि तिच्यावर नव्या फिल्टरची नवी रिंग बसली होती.

अशा दोन रिंगा एकावर एक बसल्या, की इंजिन हळू चालतंय तोवर काही बिघडत नाही. सकाळी धक्क्याला बांधून दहा मिनिटं चालवलं, तेव्हा एक थेंब गळला नव्हता. पण वेग वाढला, तेलाचा दाब चढला, की रिंग जागेवरून सरकते आणि पंप सगळं तेल बाहेर फेकायला लागतो. इंजिन कोरडं पडून जाम झालं, तर तो त्यातला बरा प्रकार. वाईट प्रकारात ते तेल शेजारच्या तापलेल्या टर्बोवर पडून पेट घेतं. मिस्त्रींनी उमेदवारीच्या काळात अशी जळालेली एक लाँच पाहिली होती. तिच्यावर त्या वेळी कुणी नव्हतं. आज बारा जण होते. निवृत्त शिक्षकांची सहल होती, आणि त्यांची बाकं बरोबर इंजिनांच्या झाकणांवर होती.

त्यांनी घड्याळ पाहिलं. अकराला पाच कमी. लाँच दहाला सुटली. पाण्यावर तरंगणाऱ्या लाल बोयापर्यंत सगळ्यांनी हळूच जायचं असा बंदराचा नियम, त्याला पाऊण तास. त्याच्यापुढे मोकळं पाणी, आणि तिथे कप्तान हँडल पुढे सारतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे वेग वाढून दहा मिनिटं झाली.

मिस्त्री जाळीशेजारच्या ठोकळ्यावर बसले. 

उजव्या इंजिनाचा फिल्टर अडचणीत असतो, इंजिन आणि लाँचची कूस यांच्यामध्ये. तिथे नजर पोचत नाही. पोटावर पडून खांद्यापर्यंत हात घालायचा, जुना फिल्टर सोडवायचा आणि मग नव्याच्या आधी तर्जनी फिल्टरच्या बैठकीवरून, तो जिथे टेकतो तिथून, गोल फिरवायची. रिंग राहिली असेल तर ती लागते, केस अडकला असेल तरी लागतो. मिस्त्रींच्या बोटांना डोळे आहेत, असं धक्क्यावरचे लोक म्हणायचे. नवीन लोकांना ते मुद्दाम दाखवायचे, म्हातारा कसा आंधळेपणाने काम करतो ते.

आजही त्यांनी तर्जनी फिरवली होती. गुळगुळीत लागलं होतं.

खरं सांगायचं तर काहीच लागलं नव्हतं. आधी पायाच्या बोटांची जाणीव गेली, मग हाताच्या. आठ-नऊ महिने झाले. शेंड्यांवर कुणी पातळ रबर चढवून ठेवल्यासारखं वाटायचं. साखर वाढली की नसा अशा मरतात, टोकाकडून आत, असं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. ते चित्र मिस्त्रींनी दवाखान्याच्या दारातच फाडून टाकलं. घरी एकदा त्यांनी शेगडीवरचं झाकण नुसत्या हाताने उचललं, आणि बायको ओरडली, “अहो, भाजेल!” तेव्हा त्यांना कळलं की झाकण गरम आहे. मग त्यांनी “आई गं” म्हटलं. थोडं उशिरा म्हटलं, पण म्हटलं. पुढे ते असे उशिराचे ‘आई गं’ वेळेवर म्हणायला शिकले.

एरवी त्यांनी काढलेला फिल्टर निदान डोळ्यांनी पाहिला असता. गेले आठ-नऊ महिने ते त्याच आधारावर काम ढकलत होते. पण आज शिक्षक मंडळी वेळेच्या आधीच धक्क्यावर येऊन उभी राहिली, वरून कप्तानने “मिस्त्री, आटपतंय का?” म्हणून दोनदा हाक मारली, आणि तेल ठिबकू नये म्हणून त्यांनी तो फिल्टर तसाच पिशवीत कोंबला.

त्यांनी कप्तानला फोन लावला. संपर्क होऊ शकत नाही. पुन्हा लावला. तेच. तिसऱ्यांदा आकडे नीट दाबले गेले नाहीत.

आता वायरलेस. तो बंदराच्या ऑफिसात, जिना चढून वर. आणि तिथे बोललेलं पाण्यावरच्या सगळ्या लाँच ऐकतात, ज्यांची इंजिनं मिस्त्रींच्या हाताखालून जातात त्याही.

ऑफिसातल्या कारकून बाई डबा उघडून बसल्या होत्या. “अगंबाई! मिस्त्री चक्क वर? आज काय जिन्याचं भाग्य उजळलं म्हणायचं.”

“लाँचशी बोलायचंय.”

“बसा तरी. पाणी देऊ? चेहरा कसा झालाय तुमचा.”

“बाई, आधी लावा.”

त्यांच्या आवाजाने बाईंचा हात डब्यावरून सरळ यंत्राकडे गेला. खरखर झाली. कप्तानचा आवाज आला, मागे इंजिनांची जड घरघर आणि कुणाचं तरी गाणं.

“हां, बोला.”

मिस्त्रींनी माइक घेतला. “कप्तान, मी. उजव्या इंजिनाच्या तेलाचं प्रेशर किती दाखवतंय?”

“झकास आहे, मिस्त्री! काटा हलत नाही. आत्ताच वेग दिलाय, लोणी आहे लोणी. का हो?”

“काही नाही,” मिस्त्री म्हणाले. “लक्ष ठेव जरा.”

“ठेवतो. तुम्ही जेवून घ्या निवांत.”

खरखर थांबली. बाई म्हणाल्या, “झालं?”

मिस्त्रींनी माइक खाली ठेवला नाही. काटा हलत नाही, हे खरंच असणार. तो हलेल तेव्हा पुढे अर्धं मिनिट उरेल, आणि त्या अर्ध्या मिनिटात कप्तान कुणाला तरी काहीतरी दाखवत असेल. कदाचित रिंग खाली पाण्यातच पडली असेल. कदाचित आजचा दिवस टिकेल आणि संध्याकाळी गुपचूप बदलता येईल. हे ‘कदाचित’ त्यांनी मनात मांडून पाहिले. त्यांतल्या एकाच्याही भरवशावर ते स्वतः त्या झाकणावर बसले नसते.

“बाई, पुन्हा लावा.”

“बोला, मिस्त्री,” कप्तान हसत होता. “करमत नाही का आज?”

“उजवं इंजिन बंद कर. आत्ता. आधी बंद कर, मग विचार.”

दोन घरघरींतली एक विझली. मिस्त्रींनी भिंतीला हात टेकला.

“केलं. काय झालं?”

“माणसांना उठवून पुढे ने. झाकण लगेच उघडू नकोस, पाच मिनिटं जाऊ देत. आग विझवायचा सिलिंडर हाताशी घे आणि मग उघड. फिल्टरची जुनी रिंग राहिलीय आत. माझ्याकडून राहिली.”

“कशी राहील? तुम्ही हात फिरवता की. मी वरून बघितलं ना तुम्हाला, हात घालून पडला होतात.”

मिस्त्रींनी बटण दाबलं. बाई त्यांच्याकडे बघत होत्या. बटण दाबलेलं असलं की दुसऱ्या बाजूला नुसता श्वास ऐकू जातो, हे मिस्त्रींना आठवलं.

“फिरवला होता,” ते म्हणाले. “मला हाताला काही कळत नाही, कप्तान. बरेच दिवस झाले.”

त्यांनी बटण सोडलं.  नुसती खरखर.

पाच मिनिटं म्हटलं होतं, अकरा मिनिटं झाली. बाईंनी डबा मिटवून ठेवला.  मिस्त्रींच्या डोळ्यांपुढे झाकण उघडत होतं, आणि उघडलं की हवा आत जात होती. पाच पुरेशी होती का? दहा सांगायला हवी होती. त्यांच्या कानात रक्त इतकं वाजत होतं, की कप्तानचा आवाज आला तेव्हा पहिले शब्द निसटलेच.

“...सुटलं नाहीये अजून. खाली ओंजळभर तेल आलंय. टर्बोवर थेंब नाही. हातमोजा घालून चाचपलं, फिल्टरच्या कडेतून रबर बाहेर आलंय, जिभेसारखं.” मग जरा थांबून, “डाव्यावर येतोय परत. हळू.”

“ये,” मिस्त्री म्हणाले, आणि आता कुठे त्यांनी माइक खाली ठेवला.

परत यायला तास-सव्वा तास. ते धक्क्याच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. एका इंजिनावरची लाँच वाऱ्याला नीट जुमानत नाही, हे त्यांना माहीत होतं, आणि वारा नेमका वाढत होता. मध्येच बायकोचा फोन आला. कारकून बाईंनीच कळवलं असणार.

“अहो, ऐकलं मी.”

“मी सांगणार होतो तुला. हाताचं.”

“सांगताय! शर्टांची बटणं काढून टिचबटणं लावली मी, ती काय फॅशन म्हणून?” मग तिचा आवाज उतरला. “माणसं सुखरूप आहेत ना?”

“अजून दिसत नाहीत.”

“मग फोन ठेवा आणि बघत राहा,” ती म्हणाली. पण तिनेही ठेवला नाही. लाँचचा पांढरा ठिपका दिसेपर्यंत दोघं फोन धरून होती.

लाँच लागली. शिक्षक मंडळी उतरली, काही वैतागलेली, काही मजेत. सगळ्यांत शेवटी कप्तान. तो मिस्त्रींच्या निम्म्या वयाचा, पण आज त्याचा चेहरा तसा दिसत नव्हता.

“बारा माणसं होती, मिस्त्री. बरोबर वर बसलेली.”

“हो.”

“कधीपासून चाललंय हे?”

“आठ-नऊ महिने.”

कप्तान मनातल्या मनात हिशेब करत होता, ते दिसत होतं. “म्हणजे माझी तीन सर्व्हिसिंग. आणि बाकीच्यांची?”

“सगळ्यांना सांगतो,” मिस्त्री म्हणाले. “एकूण एक. आज संध्याकाळपर्यंत. सगळ्या इंजिनांचे फिल्टर काढून बघायला लागतील. मी नाही काढणार. मी शेजारी बसेन.”

 कप्तानने नवा फिल्टर उचलला आणि लाँचवर जाऊन, झाकण उघडून स्वतःच पोटावर पडला. मिस्त्री त्याच्या डोक्याशी उकिडवे बसले.

“दोन्ही रिंगा निघाल्या. या घ्या.”

“आता बोट फिरव बैठकीवरून. घाई नको. पूर्ण गोल.”

“फिरवलं.”

“कसं लागलं?”

“गुळगुळीत.”

“काचेसारखं की साबणासारखं? रबर राहिलं असेल तर साबणासारखं लागतं.”

कप्तानने पुन्हा फिरवलं. या वेळी बराच वेळ. “काचेसारखं.”

“मग लाव. रिंगेला तेल चोळ. टेकली की पुढे पाऊण फेरा, हातानेच.”

तेल भरलं. इंजिन धक्क्याला बांधूनच पण पूर्ण वेगात चालवलं, वीस मिनिटं, झाकण उघडं ठेवून. खाली कोरडं होतं. कप्तानने शिक्षकांना जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. ज्यांना यायचं नाही त्यांनी येऊ नये, म्हणाला. तिघं राहिली. नऊ जण निघाले.

कप्तान सुकाणूशी होता, त्यामुळे मंडळींना चढवून द्यायला मिस्त्रीच उरले. धक्का आणि लाँच यांच्यामध्ये हातभर पाणी हलत होतं. रांगेत पहिल्या एक ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी पाण्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. “धरा हो मला.”

मिस्त्रींनी त्यांचा हात धरला नाही. बाही वर सारून त्यांनी आपला हात आडवा पुढे केला, कठड्यासारखा.

“मी नाही धरत, बाई. तुम्ही मला धरा. इथं, मनगटाच्या वर.”

बाईंनी दोन्ही हातांनी घट्ट धरलं. त्या घाबरल्या होत्या. त्यांची नखं रुतली. एक, दोन, तीन, चार, मिस्त्रींना प्रत्येक नख वेगळं कळलं. लाँच हलली, बाईंचं सगळं वजन त्या हातावर आलं, आणि त्या पलीकडे जाईपर्यंत त्यांनी तो हलू दिला नाही.

“या,” ते पुढच्या माणसाला म्हणाले. “इथं धरा.”