मोनालीचा क्लास

मोनाली चौथीत गेली, तेव्हा बदनापूरच्या शाळेतल्या बाईंनी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. "पोरीला गणितात लई गती हे. वर्गात तिला पुरत न्हाई. एखादा जादा क्लास बघा," त्या म्हणाल्या. राजानंद जालन्याला एका बियाणे कंपनीत पॅकिंग विभागात सुपरवायझर होता. घरी पोचेपर्यंत वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला त्याने ही बातमी सांगितली.

त्याची बायको प्रभावती रोपवाटिकेत कामाला जायची. ती म्हणाली, "आधी दोन-तीन जागी जाऊन बघू. घाई नका करू."

पहिल्यांदा ते गावातल्याच सालेहा मॅडमकडे गेले. मॅडम दिवसा उर्दू शाळेत शिकवायच्या आणि संध्याकाळी घरच्या ओसरीत पाच-सहा मुलांना घेऊन बसायच्या. त्या दिवशी चिंचोक्यांचा खेळ चालला होता. चिंचोक्यांचे दोन ढीग. आपल्या पाळीला एकाच ढिगातून हवे तितके उचलायचे. शेवटचा चिंचोका उचलेल तो जिंकला. मोनाली थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग खेळायला बसली आणि उठेचना.

"दोन्ही ढीग सारखे करून ठेवायचे," ती मॅडमना म्हणाली. "मंग समोरचा काही पण करू दे."

मॅडम हसल्या. "पण का, ते सांग."

"का ते उद्या सांगते."

जाताना राजानंद म्हणाला, "एका खेळावर तासभर बसून राह्यले सगळे. परीक्षेत कोण देतं एवढा टाइम?"

मग ते जालन्याला गेले. तिथला क्लास दुसऱ्या मजल्यावर होता. आदिनाथ सर घड्याळ लावून आकडे सांगत आणि मुलं बोटं नाचवत मण्यांच्या पाटीवर पटापट उत्तरं काढत. जिन्यात बक्षीस मिळवलेल्या मुलांचे फोटो होते. राजानंद त्या फोटोंपुढे बराच वेळ उभा राहिला. मोनाली म्हणाली की तिला मॅडमकडे जायचंय. राजानंद म्हणाला, "तिथं नुसतं खेळणं हे, बेटा." प्रभावतीला लेकीचं पटत होतं, पण तिने ते त्याच्यावर सोडलं. रोज संध्याकाळी लेकीला गाडीवर बसवून तोच नेणार होता.

मोनाली जालन्याच्या क्लासला जाऊ लागली. सुरुवातीला सगळं बराबर चाललं. पोळ्यानंतर मात्र सरांच्या तक्रारी सुरू झाल्या. "लक्ष नसतं तिचं. मध्येच हरवल्यासारखी करती. पाटी हातातून पाडती. मुद्दाम करून राह्यली, असं मला वाटतं."

राजानंदने घरी अभ्यास वाढवला. जेवणाआधी पाढे. पूर्वी तोंडपाठ असलेला सातचा पाढा ती निम्म्यात विसरायला लागली. एका संध्याकाळी तिला आठ आणि सात किती, ते सांगता येईना. ती त्याच्याकडे बघून नुसती हसली. राजानंदने तिच्या तोंडात मारली. तरी तिचं हसू लगेच गेलं नाही. जरा उशिरा गेलं आणि मग ती रडली.

प्रभावतीने तिला उचलून आत नेलं. "हातातून ग्लास पडू लागला तिच्या," ती आतूनच म्हणाली. "कालपण पडला. तुम्हाला दिसत न्हाई का?"

"धसमुसळी झाली ती."

"बंद करा तो क्लास. मॅडमकडं घालू."

राजानंदलाही तेच बरं वाटलं. क्लास चुकीचा निवडला, दुसरा लावला की पोरगी ठीक होईल, असं त्याने मनाशी धरलं.

सालेहा मॅडमनी मोनालीला ओळखलं. "तू मला 'का' सांगणार होतीस," त्या म्हणाल्या. मोनालीला काही आठवलं नाही. मॅडमनी तिच्यापुढे चिंचोके ओतले आणि दोन सारखे ढीग करायला सांगितले. मोनाली करायला लागली. मध्येच तिची मान झटकन खाली गेली आणि हात उडाला. चिंचोके फरशीवर पसरले. तिने ते गोळा केले आणि पुन्हा मोजू लागली. थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं. मॅडम तिच्याकडे एकटक बघत होत्या. मग त्यांनी बाकीच्या मुलांना घरी पाठवलं.

"भाऊ, मी हिला आत्ता घेत न्हाई," त्या म्हणाल्या.

राजानंदचा चेहरा उतरला. "तवा आम्ही पोरीला तुमच्याकडं घातलं न्हाई, त्याचा राग हे का मॅडम?"

"राग कशाचा? हे गणिताचं न्हाई. हिला मोठ्या दवाखान्यात दाखवा. मेंदूच्या डॉक्टरला. उद्याच जा."

संभाजीनगरच्या दवाखान्यात डोक्याला तारा लावून तपासणी झाली, पाठीतून पाणी काढलं. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "लहानपणी हिला गोवर झाला होता का?"

"आठ महिन्यांची असताना," प्रभावती म्हणाली. "लस नऊ महिने भरल्यावर होती. गोवर तर बरा झाल्ता."

"अंगावरचा बरा झाला. त्याचा विषाणू मेंदूत राहिला. फार थोड्या मुलांत असं होतं. झटके कमी करायला औषध देता येईल. पण हा आजार मागे फिरत नाही."

राजानंदने विचारलं, "मी क्लासचा लई जोर केला तिच्यावर. मारलं पण. त्यानं..."

"नाही. त्याने नाही झालं."

"मंग ती मुद्दाम करत न्हवती."

"नाही. तिला येतच नव्हतं."

डॉक्टरांनी त्याला दोषातून मोकळं केलं होतं, पण व्हरांड्यात आल्यावर तो भिंतीला टेकून खाली बसला. प्रभावती लेकीला कडेवर घेऊन उभी राहिली. एवढ्या मोठ्या मुलीला कडेवर बघून लोक वळून पाहत होते.

हिवाळ्यात मोनालीचं चालणं गेलं, मग बोलणं. तरी सालेहा मॅडम तिला संध्याकाळी ओसरीत, मुलांच्या शेजारी बसवून घ्यायच्या. मुलं बोलत असली की ती आवाजाकडे तोंड करायची. पुढे बसणंही जमेना, तेव्हा मॅडमच घरी येऊन जायला लागल्या. शिकवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. त्या तिचे पाय चोळून द्यायच्या.

उन्हाळ्यात आदिनाथ सरांचा फोन आला. नवीन बॅच सुरू होत होती, मोनालीला परत पाठवणार का? फोनवर सांगणं राजानंदला जमलं नाही. संध्याकाळी कंपनीतून सुटल्यावर तो जिना चढून गेला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सर खुर्चीत बसले.

"मला तर आळस वाटला," ते हळू आवाजात म्हणाले.

"मला पण तेच वाटलं."

तो बाहेर पडला, तर जिन्यात एक बाई लहान मुलीचा हात धरून उभी होती. "दादा, तुमचं लेकरू हे का इथं? कसा हे क्लास?"

राजानंदने त्या मुलीकडे पाहिलं. ती सँडलच्या टोकाने पायरीवर रेघा काढत होती.

"होती माझी पोरगी," तो म्हणाला. "क्लास चांगला हे."

आपल्या लेकीचं पुढे काय झालं, ते त्याच्या तोंडापर्यंत आलं होतं, पण ते त्या पोरीसमोर बोलण्यासारखं नव्हतं. तो खाली उतरला.

घरी प्रभावती मोनालीला नाकातल्या नळीतून पिचकारीने पेज भरवत होती. सकाळपासून ती एकटीच होती. राजानंदने हातपाय धुतले आणि तिच्या हातातली पिचकारी घेतली. "तू जेवून घे," तो म्हणाला. "मी बसतो हिच्याजवळ."