चारशे ट्रकांचा माणूस

भारतचं बोट 'संगणक'वर टेकणार, तेवढ्यात हरिसिंगनं आपला रुंद पंजा झाकणासारखा फोनवर ठेवला.

"थांब. आता मी जे सांगून राह्यलो, त्याच्यावर कोणाचाच इस्वास नाही बसणार."

"मंग सांगता कायले, बा?" भारत म्हणाला.

तांड्यात रेंज येते ती फक्त सेवालाल महाराजांच्या मंदिराच्या ओट्यावर. म्हणून भारत, त्याची लेक रंजिता आणि तिचा आजा हरिसिंग दुपारपासून तिथं ठाण मांडून बसले होते. पुसदच्या कॉलेजात बी.एस्सी.चा मुख्य विषय पाचच्या आत भरायचा होता. रंजिताला गणित हवं होतं. तीन आठवडे ती बापाला समजावत होती आणि दर वेळी त्याचं एकच.

"गणित शिकलेला माणूस सकाळी उठून कुठं जाते, काय करते, ते सांग."

शाळेत शिकवते, असं ती म्हणाली की तो बी.एड. करून घरी बसलेल्यांची नावं घ्यायचा. विमा, संशोधन, सगळं सांगून झालं. एकही शब्द त्याच्या गळी उतरला नव्हता. आता ती नुसती ओट्याचा सुटलेला चुना नखानं खरवडत होती.

"बोरी अरबच्या बाजारातून येताना एसटीत एक पोरगा भेटला," हरिसिंग म्हणाला. "आपल्याच गोताचा. गणितच शिकला. आता नागपुरात बसते अन् चारशे ट्रक चालवते."

"चालवते?"

"म्हणजे कोणता ट्रक कोणत्या रस्त्यानं न्यायचा, माल कुठं उतरवायचा, येताना काय भरायचं. एक ट्रक रिकामा फिरू देत नाही. सारं गणितावर. माहा आजा बैलांवर मीठ नेत होता, तवा कोणता बैल कुठं चालवायचा हे तोच ठरवे. तेच काम हाये हे. फक्त शेण उचला लागत नाही."

भारत हसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

रंजिताचं नख थांबलं. आबाजींच्या गोष्टीत वाघालाही शिंगं फुटायची, हे तिला ठाऊक होतं. पण असं काम खरंच असतं, तिनं वाचलं होतं. मग हे आपल्या तोंडून कसं निघालं नाही, याचाच तिला संताप आला.

हरिसिंगनं फोनवरचा हात उचलला. भारतचं बोट एक ओळ वर सरकलं. गणित.

"अन् ट्रकवाले ऐकतात त्याचं?" भारतनं विचारलं.

इथं म्हाताऱ्यानं थांबायला हवं होतं. पण तो आयुष्यात थांबला होता कधी?

"ऐकतील नाही त काय. रोज सकाळी एकेकाशी सोता फोनवर बोलते. नेमानं दहा मिनिटं. चारशेच्या चारशे, एकाले सोडत नाही. अन् अकराले मोकळा."

भारतनं कौतुकानं मान डोलावली. चष्मा नाकावर चढवला. "असं काम असंल त..."

बोट पडद्यापासून तसूभर. पाचाला सहा मिनिटं कमी. रंजितानं ओठ घट्ट मिटले. कळसाकडे पाहिलं, मग नखातल्या चुन्याकडे. गप्प बसायचं, एवढंच तर करायचं होतं.

"खोटं हाये हे, आबाजी," ती म्हणाली. "चार हजार मिनिटं होतात. अख्ख्या दिवसात साडेचौदाशेही नसतात."