पिवळ्या किनारीचं पान

शैलजाबाईंनी कुंडी प्राचार्यांच्या टेबलावर, काचेच्या बरोबर मधोमध ठेवली. बुडाला चिकटलेली माती काचेवर सांडली. एरवी त्यांनी ती पदराने टिपून घेतली असती. आज तशीच राहू दिली.

"बैठिए माताजी," प्राचार्य म्हणाले आणि कुंडीकडे न बघता त्यांनी आपली फाइल जरा मागे ओढली.

"बसते. आधी हिला बसवा."

त्यांच्या मागे अवंतिका उभी होती. पाचवीतली मुलगी, कॉलर एका बाजूने दुमडलेली, दप्तर दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. समोरच्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर तिच्या वर्गशिक्षिका अमिता मॅडम बसल्या होत्या. शिपायाने बाहेरून स्टूल आणून दिलं. अवंतिका बसली, पण दप्तर काही खाली ठेवेना.

"आजी, तुम्ही काहून त्रास घेतला एवढा?" अमिता मॅडम म्हणाल्या. "हिच्या मम्मीशी बोलणं झालं आहे माझं. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी सॉरी म्हणायचं, बस. मुलांना खोटं बोलायची सवय लागू नये म्हणून करून राहिलो आम्ही हे."

"कोणतं खोटं?"

मॅडमनी कुंडीकडे नुसतं बोट केलं.

कुंडीत स्नेक प्लांट होतं. दोन पानं, वीतभर उंच, तलवारीसारखी सरळ, हिरव्यावर गडद हिरवे पट्टे. कुंडीला सुतळीने बांधलेल्या कार्डावर अवंतिकाने हिंदीत लिहिलं होतं, ‘माँ पीली किनारी वाली, बच्चा हरा। क्यों?’ त्याच्याखाली लाल शाईने दुसऱ्या कोणीतरी एकच शब्द लिहिला होता, ‘झूठ’.

बालदिनाच्या प्रदर्शनात अमिता मॅडम या कार्डापाशी थांबल्या होत्या. पिवळ्या किनारीचं पान लावलं तर पिवळ्या किनारीचंच झाड येणार, असं त्यांनी अवंतिकाला सांगितलं. मग ते पान कुठे आहे, असं विचारलं. पानाचं टोक वाळलं होतं, प्रदर्शनात बरं दिसत नाही म्हणून मम्मीने ते मातीलगत कापून टाकलं, असं अवंतिका म्हणाली. मॅडमला एवढं पुरे झालं. नर्सरीतून आणलेलं झाड स्वतः लावलं म्हणून खपवलं, असा निकाल तिथेच, सगळ्या वर्गासमोर लागला. कुंडी टेबलावरून उचलून टेबलाखाली गेली.

तेव्हापासून अवंतिकाने सॉरी म्हटलं नव्हतं. मॅडमने विचारून पाहिलं, प्राचार्यांनी दरडावून पाहिलं, बाबांनी फॅक्टरीतून फोन करून समजावलं. आईने, प्रणालीने, तर अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "म्हणून टाक ना बेटा, चलो, खतम. एका शब्दाने काय जातं आपलं?"

शैलजाबाई शेजारच्याच घरात राहत. ते वाक्य त्यांनी भिंतीपलीकडून ऐकलं आणि हातातली सुरी खाली ठेवली. मॅडमची एक वेळ चूक झाली असेल. पण एका शब्दाने काय जातं, हे घरच्या माणसाने म्हणावं! सगळी नोकरी त्यांनी पहिली-दुसरीच्या वर्गांत काढली होती. त्या शब्दाने काय जातं, ते त्यांनी मुलांच्या चेहऱ्यांवर पाहिलेलं होतं.

"मॅडम," त्या आता म्हणाल्या, "हे पान हिला मी दिलं होतं. होळीनंतर. माझ्या व्हरांड्यात बसून हिने ते लावलं."

शनिवारी दुपारी रांझीतल्या त्यांच्या गल्लीतली मुलं त्यांच्या व्हरांड्यात जमत. त्या वेळी स्नेक प्लांट निवडायचं चाललं होतं, कारण ज्या घरात ऊन येत नाही आणि पाणी घालायची आठवण राहत नाही त्या घरातही ते जगतं. ज्याने त्याने आपल्या घरची जागा सांगायची आणि मग जात निवडायची, असा नियम होता. वैभवीने बुटकं घेतलं, कमळासारखं पसरणारं. तिला ते अभ्यासाच्या टेबलावर हवं होतं. कोणी काठीसारख्या गोल पानांचं घेतलं, कोणी राख फासल्यासारखं रुपेरी. एकाने याला सासूची जीभ म्हणतात असं सांगितलं, तेव्हा वैभवीने मागे वळून आपल्या आजीच्या घराकडे पाहिलं आणि सगळे हसत सुटले.

अवंतिकाने पिवळ्या किनारीचं मागितलं. "साडीसारखा काठ आहे," ती म्हणाली.

"मुळाचा कोंब देऊ का पान?"

"पान दे. एका पानाचं झाड कसं होते ते पाहायचं आहे मला."

शैलजाबाई उत्तरं आधी सांगत नसत. त्यांनी पान कापलं, त्याचे तुकडे केले, प्रत्येक तुकड्याच्या खालच्या टोकाला त्रिकोणी खाच पाडली. उलटा लावला तर तुकडा नुसता सडतो. खाच असली की खालची बाजू विसरत नाही. सुकू द्यायचं, मग लावायचं, आणि पाणी माती कोरडी झाल्याशिवाय द्यायचं नाही.

पावसाळा संपता संपता अवंतिका कुंडी घेऊन रडत आली होती. "आजी, कोणीतरी माझं झाड बदललं!"

म्हणजे अमिता मॅडमला जी शंका आली, तीच आधी या मुलीलाही आली होती. फरक एवढाच की मुलीने तिथेच बसून बोटाने माती उकरली, आणि हिरवा कोंब आपल्याच पानाच्या तळातून फुटलेला पाहिला. मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "काहून पण?"

हे सगळं शैलजाबाईंनी त्या खोलीत सांगितलं. किनारीचा पिवळा रंग त्या पानाच्या एका थरात असतो, पानाच्या तळाशी नवा कोंब फुटतो तो दुसऱ्या थरातून, म्हणून त्यात पिवळं उतरत नाही. किनार हवी असेल तर मुळापासून कोंब वेगळा करावा लागतो. त्या सावकाश बोलत होत्या, पण पुढ्यातल्या कार्डावर त्यांचं बोट जोराने आपटत होतं.

"पण पुस्तकात स्पष्ट आहे, आजी," मॅडम म्हणाल्या. "पानापासून आलेलं झाड आईसारखंच असते. परीक्षेत मी हेच विचारते. दरवर्षी मुलं बाजारातून वस्तू आणतात अन् मी केलं म्हणतात. मी कोणाकोणाचं मानू?"

"मानू नका. बघा."

त्यांनी पिशवीतून जुनं वर्तमानपत्र काढलं आणि टेबलावर पसरलं. प्राचार्यांनी घाईघाईने फोन उचलून बाजूला घेतला.

"कापलेल्या पानाचं बूड अजून मातीत आहे. त्याला पिवळा काठ आहे, आणि त्यालाच हे झाड जोडलेलं आहे. कुंडी उलटी करते. तुमच्या डोळ्यांनी पाहा, आणि मग माफी कोणी मागायची ते तुम्हीच ठरवा."

त्यांनी कुंडी उचलली, तिरपी केली. तेवढ्यात दप्तराचा पट्टा कोपरात अडकवलेले दोन लहान हात कुंडीच्या तोंडावर येऊन बसले.

"नाही आजी. नको उलटी करू."

"अगं, आत्ता दिसेल सगळ्यांना."

"नको." अवंतिकाचा आवाज बारीक होता, पण हात हलले नाहीत. "आमच्या वर्गातल्या आल्हादचा ज्वालामुखी त्याच्या पप्पांनी बनवला. सगळ्यांना माहीत आहे. त्याला पहिला नंबर दिला. तो कोणी फोडून पाहिला? मग माझंच झाड काहून उपटायचं?"

बाहेर मैदानावर पीटीची शिट्टी वाजली. अमिता मॅडमनी खुर्चीत जागा बदलली.

शैलजाबाईंनी कुंडी हळूच सरळ केली. आयुष्यभर मुलांना त्यांनी ‘करून दाखव’ म्हणून सांगितलं होतं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घालून ते पिशवीत परत ठेवलं.

अवंतिकाने मग पहिल्यांदा दप्तर खाली ठेवलं. चेन उघडून वह्यांच्या मधून कागदाची एक लांबट पुडी काढली, उलगडली आणि मॅडमपुढे सरकवली. आत पानाचा वीतभर तुकडा होता. रुंद, जाड, दोन्ही बाजूंनी पिवळा काठ. एका टोकाला त्रिकोणी खाच.

"हे तुम्ही लावा, मॅडम. मी सांगते कसं ते."

"हे पान कुठलं?" मॅडमचा आवाज पुन्हा कडक झाला. "हेही कुठून तोडून आणलं?"

अवंतिकाचे कान लाल झाले.

शैलजाबाईंनी पानाकडे पाहिलं. काठावर तपकिरी वण होता, दाराच्या कडीने घासून पडलेला. हे पान त्या ओळखत होत्या. त्यांचे यजमान अंबाझरीच्या फॅक्टरीतून इथल्या फॅक्टरीत बदलून आले, तेव्हा ट्रंकेवर ठेवून आणलेल्या झाडाचं ते पान होतं. दारामागची कुंडी. तिला सुरी लावायची नाही, असं व्हरांड्यातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक होतं. सकाळी निघताना त्यांचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं.

"मी दिलं," त्या म्हणाल्या. "माझ्या घरचं आहे."

अवंतिकाने मान वर केली नाही.

"अच्छा," प्राचार्य घसा साफ करत म्हणाले, "इसमें कितना टाइम लगेगा?"

"पुढच्या पावसाळ्यापर्यंत," अवंतिका म्हणाली.

"अरे, तब तक तो तुम छठी में चली जाओगी."

"याच शाळेत आहे ना मी सर. वरच्या मजल्यावर."

प्राचार्यांनी अमिता मॅडमकडे पाहिलं. मॅडम कार्डाकडे बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "ठीक आहे. सोमवारचं सध्या राहू द्या." चुकले असं त्या म्हणाल्या नाहीत. लाल शाईचा शब्दही कार्डावर तसाच राहिला. शैलजाबाईंच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. अवंतिकाने त्यांच्या पदराचं टोक धरलं म्हणून ते तिथेच थांबलं.

मॅडमनी पानाचा तुकडा उचलला आणि टेबलावरच्या पेनांच्या डब्यात उभा केला. खाच वर आली होती. अवंतिका स्टुलावरून उठली, तिने तो काढला, उलटा केला आणि खाच खाली करून परत ठेवला.

"आता चार-पाच दिवस असाच सुकू द्या, सावलीत," ती म्हणाली. "मग मातीत. पाणी जास्त नका घालू, मॅडम."

ऑटो घमापूरच्या गर्दीत अडकली तेव्हा कुंडी अवंतिकाच्या मांडीवर होती. शैलजाबाई बाहेर बघत होत्या. राग अजून उतरला नव्हता. सध्या राहू द्या! म्हणजे मुलीवर उपकारच केले की. आणि तो शब्द, तो तर खोडायलाच पाहिजे होता. आपण गप्प कशा बसलो? त्यांनी मनातल्या मनात त्या खोलीत परत जाऊन दोनदा भांडून घेतलं.

"आजी."

"काय गं?"

अवंतिका कुंडीतली माती अंगठ्याने दाबत होती. तिची हनुवटी छातीला टेकली होती.

"दारामागच्या झाडाचं पान मी कापलं. तुला विचारलं नाही. तू नको म्हटलं असतं म्हणून." आणि मग, कोणी मागितलेलं नसताना, "सॉरी आजी."

ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. शैलजाबाईंनी मान वळवून मागे पाहिलं. शाळा केव्हाच दिसेनाशी झाली होती आणि हा शब्द ऐकायला त्या खोलीतलं कोणीही इथे नव्हतं.