झोळीच्या काट्याजवळ नसलेलं उत्तर

मित्रांनो, पिंपळवंडीच्या आरोग्य उपकेंद्रात खिळ्याला टांगलेला, गंजलेला, बाळं तोलायचा झोळीचा काटा म्हणजे मी. वर आकडी, मध्ये गोल तबकडी, खाली कापडी झोळी. गावची आशा सेविका रुपाली मला पिशवीत घालून घरोघर न्यायची. झोळीतलं बाळ पाय झाडायचं आणि माझा काटा थरथरायचा. "ताई, भरलं का वजन?" आया विचारायच्या. रुपाली हसली की सगळं घर हसायचं. ते माझे सुखाचे दिवस.

मग डॉक्टर आरती एक अभ्यास घेऊन आल्या. पोटातलं बाळ चांगलं वाढावं म्हणून गरोदर बायकांसाठी नवी गोळी निघाली होती. चिठ्ठ्या टाकून निम्म्या बायकांना ती मिळणार, निम्म्यांना नेहमीची. कोणाला कोणती, ते शेवटीच कळणार. पिंपरी पेंढारपासून वारूळवाडीपर्यंतच्या बायका राजीखुशीने आल्या. यशोधराही आली. तिचं पहिलंच बाळंतपण.

तिचं बाळ मी तोललं. काटा जेमतेम हलला. रुपालीने आकडा दोनदा वाचला. पुढच्या खेपेला आम्ही गेलो, तेव्हा सासू अंजना दारातच म्हणाली, "आता काय तोलायचं, ताई? लेकरू न्हाई ऱ्हायलं." रुपालीने मला पिशवीतून बाहेर काढलंच नाही.

अभ्यास संपला. उपकेंद्राच्या ओसरीवर सभा भरली. "नव्या गोळीचा फायदा झाला," डॉक्टर म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. यशोधरा उभी राहिली.

"मला कोणती गोळी व्हती?"

"नेहमीची."

"मंग नवी असती तर माझं बाळ वाचलं असतं?"

टाळ्या थांबल्या.

"ते सांगता येत नाही, यशोधरा," डॉक्टर म्हणाल्या. "बाळ दगावणं, वजन कमी भरणं, काचेच्या पेटीत ठेवावं लागणं, यातलं काहीही झालं तरी आम्ही ते एकाच आकड्यात धरलं. वेगवेगळं मोजलं असतं, तर फरक दिसायला फार बायका लागल्या असत्या. तेवढ्या नव्हत्या. कमी वजनाची बाळं घटली, म्हणून एकूण आकडा सुधारला. दगावलेली बाळं दोन्हीकडे थोडीच. तेवढ्यावरून काही ठरत नाही."

"म्हंजी वजन कमी भरलेलं आन् आमचं गेलेलं, सारखंच?" अंजनाने विचारलं.

"मोजणीत सारखंच, आजी," डॉक्टर म्हणाल्या.

यशोधरा म्हणाली, "तुमी वाईट केलं असं न्हाई म्हणत मी. पण मला दुसरं काय बी इचारायचं नव्हतं."

डॉक्टर तिच्याजवळ जाऊन बसल्या.

आता माझी स्प्रिंग सैल झाली आहे. मला कोणी उतरवत नाही. ते मी सोसतो. पण मित्रांनो, मोठेपणी तुमच्यातलं कोणी असा अभ्यास करायला निघालं, तर किती बायका लागतील हे ठरवण्याआधी आयांजवळ बसा. त्यांना काय जाणून घ्यायचंय ते विचारा, आणि त्याला पुरतील एवढी माणसं जमवा. एका तालुक्यात नसतील तर दहा तालुके फिरा. तरी नाहीच जमलं, तर टाळ्या वाजण्याआधी आईच्या घरी जाऊन, तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही असं सांगा. यशोधराला ते चारचौघांत उभं राहून विचारावं लागलं.